अहिल्याबाईंच्या तोंडी

१२ जानेवारी, रविवार

केलंच मी ते! शहराबाहेर येलवालच्या वाटेवरच्या बंगल्यात आज पुन्हा ‘राणीबरोबर चहा’. काकडीचे सँडविच, नक्षीची किटली, आणि पांढऱ्या लुगड्यात, मोकळ्या कपाळानं मी — अहिल्याबाई होळकर. टेबलाटेबलाशी जाऊन आपली कहाणी सांगायची. गेल्या खेपेला लोक फोनात डोकं घालून बसले होते. हे चहाचे कार्यक्रम भरवणारी पावनी तेव्हा म्हणाली होती, काहीतरी काळजाला भिडणारं हवं. म्हणून आज सासूबाईंची गोष्ट अहिल्याबाईंच्या तोंडी घातली.

मागे एकदा मला त्या वेषात आरशापुढं बघून सासूबाईंनी ती आपणहून सांगितली होती. सासरे गेले त्या दिवशी मंडी मोहल्ल्यातल्या बायका त्यांच्या बांगड्या फोडत होत्या. एक काही केल्या फुटेना. बायका म्हणाल्या, राहू दे. तर त्यांनी स्वतःच उंबऱ्यावर आपटून फोडली. एवढं सांगून तांदूळ निवडायला बसल्या.

इतिहासात हे कुठंच नाही. पण लोक रडले! टाळ्या मी घेतल्या.

१४ जानेवारी, संक्रांत

घरी हळदीकुंकू. सासूबाई नेहमीसारख्या स्वयंपाकघरात, तिळगुळाच्या पुड्या बांधत. पावनी आली ती थेट आत गेली आणि त्यांना रविवारचं आमंत्रण देऊन मोकळी! सुनेचं काम बघायला या म्हणे. त्या लगेच हो म्हणाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

१८ जानेवारी

पावनीला म्हटलं, तो प्रसंग गाळते. तर म्हणे, लोक त्यासाठीच येताहेत. सासूबाईंना म्हटलं, लांब आहे, दमाल. त्यांनी निळी इरकल काढून ठेवलीय. खरं सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर उद्या भाजी कसली करू! भित्री कुठली.

१९ जानेवारी, रविवार

सासूबाई पहिल्याच टेबलाशी बसल्या होत्या. गाळता आलं असतं. पण समोरच्या बाईनं आधीच रुमाल काढून ठेवला होता, आणि मला मोह आवरला नाही. बांगडीपाशी माझाच हुंदका फुटला. खोटा नव्हता, पण माझाही नव्हता. सासूबाईंचा कप तसाच हातात राहिला.

घरी आल्यावर दारात त्यांनी कुंकवाचा करंडा पुढं धरला — सवाष्णीनं मोकळ्या कपाळानं घरात यायचं नाही, हा त्यांचा नियम. स्वतः त्या कुंकवाला बोट लावत नाहीत. कुंकू लावून आत आले. घरच्या माणसाचं दुःख मी चार परक्यांना चहाबरोबर वाढून आले. लाज वाटते माझी मला.

२० जानेवारी

जेवायला हाक मारली. ताट वाढलं आणि तांदूळ निवडायला बसल्या.

२२ जानेवारी

आज राहवलं नाही, पाय धरले. त्यांनी उठवलं.

“सांगितलंस, त्याचं काय नाही गे वनजा. पण सुम्ने, उगीच, कशाला रडलीस? मी रडले नव्हते. तुझे सासरे कापड मोजायच्या गजानं मारायचे मला. त्यांच्या नावाची एकसुद्धा बांगडी हातात नको होती, म्हणून फोडली.”

मग म्हणाल्या, “रविवारी बरोबर सांग.”