हनुवटीखालचा तीळ

६ तारीख, सोमवार

ती. दादास धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून सूनबाईच्या हाती, तुझ्या डब्याबरोबर ही चिठ्ठी पाठवतोय. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

ताप काल उतरला. अंग मात्र पिळून टाकलेल्या टॉवेलासारखं झालंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, साथीचा ताप आहे, बारा तारखेपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. सूनबाई दाराशी ताट ठेवते आणि मांजर चावेल तशी पळते. दुकानाला कुलूप. वस्तऱ्यावर गंज चढेल याचा घोर, आणि त्याहून मोठा घोर तुझा. तुझा हात थरथरतो, कपातला चहा बशीत सांडतो. स्वतः वस्तरा हातात घेशील तर बघ! कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातही जाऊ नकोस. त्याला तुझ्या हनुवटीखालचा तीळ माहीत नाही, कापून ठेवील.

सारखी काळजी करतो म्हणून रागावू नकोस. माया आहे तशी असू दे.

तुझा धाकटा


७ तारीख, मंगळवार

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अक्षराला कुठल्या तोंडाने हसू? त्या तोंडावर नऊ दिवसांची दाढी आहे. आरशात पाहिलं तर कुणीतरी म्हातारा पत्ता विचारायला आलाय असं वाटलं. चाळीस वर्षांत आपला एक रविवार चुकला नव्हता, तो परवा चुकला.

शनिवारी चिरंजीव येतायत. मला या अवतारात पाहिलं की म्हणणार, बाबांना आता एकट्याने जमत नाही, चला आमच्याकडे. माझं घर सुटेल रे. ताप उतरला म्हणतोस ना? मग डॉक्टरीणबाईंचं किती ऐकशील? उद्या दुपारी मागचं दार उघडं ठेवतो. तोंडाला रुमाल बांधून ये. भीती वाटत असेल तर राहू दे, लहानपणापासून भित्राच तू.

आशीर्वाद आहेतच. वस्तरा विसरू नकोस.

दादा


२५ तारीख, शनिवार

ती. काकांस सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन पाच दिवस झाले. तुमच्या दाराशी आलो होतो, तुम्ही कडी काढली नाहीत. अशक्तपणा असेल, म्हणून लिहितोय.

मी आलो त्या शनिवारी बाबा तापाने फणफणले होते. दवाखान्यात विचारलं, कुणाच्या जवळ गेला होतात? म्हणाले, भाजीबाजारात गर्दीत उभा होतो. पुढे श्वास लागला. शेवटी मला काचेतूनच पाहू दिलं.

एक सांगतो. त्यांना माझ्याकडे न्यायचं मी ठरवून आलो होतो. पण दाढी नुकतीच केलेली, तिळाजवळ साधा ओरखडा नाही. म्हणाले, माझी मीच केली. मला वाटलं, बाबा अजून खंबीर आहेत. तेवढंच आता जपून ठेवलंय.

तुम्ही खोलीत राहून सगळं पथ्य पाळलंत, म्हणून निदान तुम्ही तरी आहात. आमच्यावर हात असू द्या.

तुमचा पुतण्या


२७ तारीख, सोमवार

चि. पुतण्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. कडी मी अशक्तपणाने नाही, भीतीने काढली नाही.

तुझे बाबा भाजीबाजारात महिनाभर गेले नव्हते. त्यांच्या हाताला किती कंप होता, ते तू लांब असल्याने तुला ठाऊक नाही. बुधवारी दुपारी सूनबाईचा डोळा लागला, तसा मी वस्तरा सदऱ्यात लपवून मागच्या दाराने गेलो. रुमाल बांधला होता रे. पण चष्म्यावर वाफ धरली, तीळ दिसेना. तीळ कापेल म्हणून रुमाल खाली ओढला. माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर. चारच दिवस उरले होते, ते मला काढवले नाहीत. दादाने हनुवटी चाचपली, हसला, म्हणाला, आता चिरंजीवांनी मला हलवून दाखवावं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, कुणाकडून लागलं ते नक्की सांगता येत नाही. मला येतं. जाता जाता तो माझ्यासाठी तुझ्याशी खोटं बोलला. ते मला पेलत नाही.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने मागू? रागाने का होईना, एवढं मात्र कळव. काचेतून पाहिलंस, तेव्हा त्याची दाढी किती वाढली होती?

तुझा काका