चेंडू टेरेलच्याच हातात

१९ जून

पॉइंट गार्ड कोण, चेंडू हाती ठेवून खेळ चालवणार कोण? — प्रुइटने आज पुन्हा विचारलं. आहे आमच्या बास्केटबॉल संघाचा मॅनेजर, आव मालकाचा! "हॉलिस, जन्मभर शाळेत पोरं घडवलीस तू. तुला नाही कळणार तर कोणाला?" म्हणजे खेळाडू मी निवडायचे आणि चुकलं की खापर माझ्या डोक्यावर. कळतं मला!

तिघे आहेत. जव्हॉन लीक — कोवळा, वाऱ्यासारखा पळणारा, आणि भाव आभाळाला. वुकिच — सर्बियाचा, शांत, परवडणारा. पण समोरचा अंगावर आला की साहेब बाजूला होऊन वाट देतात. आणि टेरेल. आमचाच टेरेल अ‍ॅमन्स. पस्तिशी उलटली, गुडघे कुरकुरतात, करार या महिन्याअखेर संपतो.

शाळेत मी त्याचा कोच होतो. अजून 'कोच'च म्हणतो मला. आमच्या इंडियानात हे नातं सुटत नाही. माणूस आजोबा झाला तरी शाळेचा कोच तो कोच.

२० जून

दुपारी सरावाच्या हॉलमध्ये एकटाच बसलो. वरच्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं, लाकडी जमीन मधासारखी. डोळे मिटले. टेरेल बघतो उजवीकडे, चेंडू जातो डावीकडे — आणि तिथे कुणीतरी पोचलेलं असतंच. कसं कळतं त्याला? शाळेतही कळायचं. मी शिकवलं असं लोक म्हणतात. कसलं काय! मी फक्त बघत होतो.

प्रुइटने हाक मारली तेव्हा मी हसत होतो म्हणे. एकटाच.

२४ जून

आज नुसती आकडेमोड. लीगने संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलीय, तिच्यात सगळं बसवायचं. टेरेलचा करार संपला तरी, त्याला परत घ्यायचा हक्क आम्ही धरून आहोत तोवर, त्याच्या नावाची भलीमोठी जागा आमच्या हिशेबात अडकून राहते. ती तशीच राहिली तर लीक परवडत नाही. लीक हवा तर दोनच वाटा — टेरेलवरचा हक्क सोडा, नाहीतर त्याला लीगच्या सगळ्यात लहान पगारावर ठेवा.

प्रुइट म्हणाला, "सोडून दे ना. म्हातारा झाला तो."

म्हातारा! टेरेल म्हातारा, मग मी कोण?

२७ जून

काही केलं नाही. घरामागच्या तुतीखाली बसलो. बोटं जांभळी.

३० जून

संध्याकाळी सहाला करार संपलेल्या खेळाडूंशी बोलायला फोन खुले झाले. यंदाही सगळे वेड्यासारखे एकाच वेळी बोलत होते. लीकशी मी स्वतः बोललो. गोड पोरगा! "सर, मी येतो. पण अ‍ॅमन्स राहायला हवा. लहानपणी त्याचं बघून तर खेळायला लागलो मी. त्याच्याकडून शिकायचंय."

मी खुर्चीतून उठलोच. दोघं! एकाच अंगणात दोघं! हे माझ्या मनात आलंच नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन — तसं झालं की!

अर्थात सही नाही. सहा तारखेच्या दुपारपर्यंत मोठ्या करारावर कुणालाच सही करता येत नाही. तोवर फक्त शब्द. सगळ्यात लहान पगाराचा करार मात्र मधेही करता येतो. ही धंद्याची रीत.

१ जुलै

टेरेलकडे जेवायला गेलो. अंगणात तो मक्याची कणसं भाजत होता. त्याने लपवलं नाही — अ‍ॅरिझोनाच्या संघाने बोलावलंय. दोन वर्षं पक्की, पगारही शोभेलसा. त्यांना परवापर्यंत उत्तर हवंय. "माझा शेवटचाच करार असेल हा, कोच," म्हणाला. आणि मला लोणी लावलेलं कणीस दिलं.

निघताना त्याची बायको योलांडा गाडीपर्यंत आली. "कोच, राग मानू नका. तुम्ही काही मागितलंत तर तो नाही म्हणायचा नाही. आयुष्यात कधी म्हटलं नाही. म्हणून मागण्याआधी तुम्ही विचार करा."

मी म्हटलं, करतो.

२ जुलै

केला का विचार? बसलो खरा. पण दिसत राहिलं भलतंच. बाहेर बर्फ, आत हॉल खचाखच, लीक सुसाट सुटलाय आणि टेरेल मागून हळूच सांगतोय — थांब, आता, आता दे. दिवसभर हेच. कॉफी निवून गेली दोनदा.

जगात याहून सुंदर काही नाही. खरंच नाही.

३ जुलै

मागितलं.

सकाळी लीकच्या एजंटचा फोन. "आधी अ‍ॅमन्सचा कागद दाखवा, मग आमची सही." प्रुइट चक्क शहाण्यासारखं बोलला, "हॉलिस, दम धर. मोठ्या कराराची सही आधी, लहान कराराची शेवटी. नेहमीचं आहे." मी म्हटलं, अ‍ॅरिझोना आज उत्तर मागतंय, टेरेल हातचा गेला तर लीकही गेला! "बघ बुवा. तुझा माणूस आहे," म्हणाला.

टेरेलला बोलावलं. सगळं सांगितलं — लीक, त्याची अट, एकच वर्ष, लहानात लहान पगार. तो खिडकीबाहेर बघत होता.

"तुम्हाला काय वाटतं, कोच?"

"आपण जिंकू असं वाटतं."

"मग आणा कागद."

सही करताना हसला. शाळेत हसायचा तस्सा. योलांडा आली नव्हती.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी. नदीकाठी उताणा पडून बघितली. बाहेरगावच्या कुठल्याशा आजी शेजारी बसून खरबूज खात होत्या, मलाही फोड दिली. आभाळभर फुलं. मी आज सुखी आहे. लिहून ठेवतो, कारण असं रोज होत नाही.

५ जुलै

लीकचा फोन लागत नाही. एजंटचाही नाही. प्रुइट येरझाऱ्या घालतोय. मी म्हटलं, पोरगा आहे, सुट्टीत कुठे तळ्याकाठी पडला असेल. उद्या दुपारी येतोय की! हॉलमध्ये जाऊन बसलो थोडा वेळ. ऊन होतंच.

६ जुलै

लीकने सही केली. टेक्सासात.

भरवशाच्या म्हशीला टोणगा! आता मर्यादेखाली ही एवढी जागा रिकामी. वुकिचनेही कालच दुसरीकडे शब्द दिला. जागा आहे, पैसा आहे, आणि टेरेलच्या कागदात वर्षभर एक सेंट वाढवता येत नाही — सही झालीय. मी करून घेतलेली. तीन दिवस थांबलो असतो — मी म्हटलं असतं तर टेरेलही थांबला असता — तर ही सगळी जागा त्याची होती.

त्याचा फोन आला. "कोच, ऐकलं मी. म्हणजे आता पॉइंट गार्ड मीच ना?" केवढा खूश होता!

हो म्हटलं.