भेटीला जाताना

प्रिय छोटी,

परवा तुला म्हटलं, माझी पाठ धरलीय, या रविवारी तुरुंगात दादाच्या भेटीला तू जा. तू का म्हणून एका शब्दाने विचारलं नाहीस. उलट ‘वहिनी, तू पडून राहा, मी बघते,’ म्हणालीस. एवढ्या लांब तू कधी एकटी गेलेली नाहीस आणि मला त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा पाठ झालाय. म्हणून लिहितेय. माझ्यासारखे पैसे घालवून शिकू नकोस.

शनिवारी सकाळच्या गाडीला तोबा गर्दी असते, भाडंही चढं. दुपारची गाडी अर्धी रिकामी जाते, तिचं तिकीट स्वस्तात पडतं. परतीचं मात्र आधी काढू नकोस. भेट कधीकधी ऐनवेळी रद्द होते आणि ते पैसे बुडतात. पाण्याची बाटली रिकामी ने, स्टँडवर भर. उकडलेली अंडी आणि पाव बरोबर घे, गाडी थांबते त्या हॉटेलात साधा चहासुद्धा सोन्याच्या भावाने देतात. पिशवी मांडीवर मावेल एवढीच. सुरुवातीला मी त्याचे स्वेटर, पुस्तकं, उशीसुद्धा घेऊन जायचे. आत काही सोडत नाहीत, सगळं तसंच परत आणायचं. तू हसायचीस, ‘वहिनी निघाली सहलीला!’

उतरलीस की स्टँडच्या दारातल्या टॅक्सीवाल्यांकडे बघूही नकोस. बाईमाणूस, एकटी, शनिवारची संध्याकाळ. कुठे चाललीय ते त्यांना बरोबर कळतं आणि दुप्पट सांगतात. पुलाखालून पलीकडे जा, तिथे शेअर टॅक्सी मिळते. ‘तुरुंग’ म्हणू नकोस, ‘पाण्याची टाकी’ म्हण. सगळे तिथेच उतरतात. समोरच्या लॉजवर टेलरबाई भेटतील. त्यांचा मुलगा आत आहे. आम्ही दोघी मिळून मागच्या बाजूची, बिनखिडकीची खोली घेतो. बाई घोरतात, पण अर्धं भाडं वाचतं, आणि घोरत नसतात तेव्हा त्यांच्यासारखी सोबत नाही. फोन ठेवायला तुरुंगाच्या दारात पैसे घेतात. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात माझं नाव सांग, ती मुलगी फुकट ठेवून घेते.

ही काटकसर कशासाठी चालली होती, ते तुला सांगायला नको. वाचलेला पैसा न् पैसा वकिलाकडे गेला. गोदामाला आग लागली, म्हातारा पहारेकरी आत जळून गेला आणि मालकाने स्वतःची मान सोडवायला आपल्या माणसाला अडकवलं, हेच आपण सगळे धरून चाललो. आईंनी बांगड्या मोडल्या. तू लग्न पुढे ढकललंस. मी तर दिसेल त्याला शपथेवर सांगत फिरले की या माणसाच्या हातून मुंगी मरणार नाही.

छोटी, माझी पाठ धरलेली नाही.

मागच्या भेटीत तो काचेपलीकडून नेहमीसारखी तुमची चौकशी करत होता. मी अपिलाचं सांगत होते, दुपारच्या गाडीने गेलं की किती वाचतात ते सांगत होते. तो एकदम म्हणाला, ‘बास कर. माझ्यासाठी पोटाला चिमटा घेऊ नकोस. कडी मीच लावली होती.’ मला काही उमगेना. मग त्याने सगळं सांगितलं. आग लावायचे मालकाने पैसे दिले होते. म्हातारा आत झोपला होता. रॉकेलचा डबा आपटल्याच्या आवाजाने तो उठला, त्याने याला ओळखलं, नावाने हाकही मारली. हा बाहेर आला आणि याने दाराला बाहेरून कडी लावली. रडला नाही गं. पाणी मागावं तशा आवाजात बोलला. आणि वर विचारतो, ‘पुढच्या वेळी येशील ना?’ तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. बाहेर येऊन मी दिसली त्या टॅक्सीत बसले, मग दिसली त्या गाडीत. कोणी किती मागितले, मी किती दिले, काही आठवत नाही. टेलरबाई हाका मारत मागे धावल्या, त्यांच्याशीसुद्धा बोलले नाही.

मी आता जाणार नाही. अपिलासाठी माझ्याकडून यापुढे काही मिळणार नाही, असं वकिलांना कळवलंय. पण तू जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. तो तुझा भाऊ आहे, त्याच्या पाठीवर बसून तू शाळेत गेलीस. खरं तर प्रवासाचं तेवढं लिहावं आणि बाकीचं गिळून टाकावं, असंच ठरवून बसले होते. पण तो तुलाही सांगेल. आता त्याला ते आत ठेवता येत नाहीये, मला दिसलं ते. मी त्या काचेसमोर काही म्हणता काही माहीत नसताना बसले होते. तू तशी बसू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. आईंना सांगायचं की नाही ते आपण दोघी मिळून ठरवू. आणि तिथून निघालीस की स्वस्त गाडीची वाट बघत थांबू नकोस. मिळेल ती पकड, भाडं कितीही सांगू दे, आणि सरळ माझ्याकडे ये.

अजून तरी तुझीच,
वहिनी