सुया, उधाण आणि पाच मिनिटं

माघ वद्य नवमी
खाडीकाठ, ता. पेण

तीर्थस्वरूप सखादादा यांस,

जनूचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून केलाय. गुडघा वाकतो आता, म्हणून मुद्दाम लिहिलं.) रंभावहिनींची मान कशी आहे? तुमचा वाल यंदा कसा आलाय? आमच्या जितेशची डोलवीच्या कंपनीत शिफ्ट बदलत असते. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो, त्यामुळे बापलेकांत भांडण म्हणून नाही.

तुम्हीच म्हणालात, "जनूभाव, रोह्याला सुयांची डॉक्टरीण हाय, हिची मान तिनंच सरळ केली." बायको गेली तरी तिच्या थोरल्या भावाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून गेलो. बाईंनी कार्डावर लिहून दिलं : आधी तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा; मग आठवड्याला एकदा; मग पंधरा दिवसांनी; दुखणं गेलं की बंद. आता दादा, तुम्ही भातशेतीवाले, तुम्हाला सोमवार-गुरुवार कळतात. जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला उधाण नि भांग, एवढंच कळतं. पुनवेला-अवसेला खाडी चढणार, अष्टमीला मरगळणार. गुडघ्यात पाणी झालंय असं बाईच म्हणाल्या होत्या, मग त्या पाण्यालाही हाच कायदा, असं मी धरून चाललो. पुनवेला गेलो (रविवार निघाला, दवाखाना बंद, पायरीवर बसून परत आलो), अष्टमीला गेलो, अवसेला गेलो. बाई म्हणाल्या, "आजोबा, मध्ये का नाही आलात?" म्हटलं, "मध्ये पाणी नव्हतं." त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. मग शांतपणे समजावलं. सुईचा गुण सुरुवातीला दोन-तीन दिवसच टिकतो, तो उतरायच्या आत पुढची बैठक घ्यायची. पुढे तो जास्त टिकायला लागला की अंतर वाढवायचं. उगाच रोज टोचून घेतलं म्हणून कोणी लवकर धावायला लागत नाही. हे मात्र पटलं. आपल्या आगरातही आधी पाणी घेत राहावं लागतं, आणि मीठ धरू लागलं की उघाडी (बांधातलं दार हो) लावून गप बसावं लागतं. असं सांगितल्यावर माणूस ऐकणार नाही का? जितेशनं मोबाइलमध्ये वार लावून दिले आणि मी शिस्तीत जाऊ लागलो.

आता खरी गोष्ट. सुया लावून झाल्या की बाई वीस मिनिटांची घंटी लावतात आणि पडदा ओढून जातात. खिडकीतून कुंडलिकेवरचा वारा येतो, पंखा दमल्यासारखा फिरतो. पाय आधी जड होतात, मग असल्याचं कळतच नाही. आणि डोळे मिटले की आपली ठमा दिसते. आपल्याच आगरात, दुपारच्या उन्हात, लुगडं खोचून मीठ ओढत असते. मीठ पांढरं, आभाळ पांढरं, कुठे काय संपतं ते दिसत नाही. वारा असतो पण आवाज नसतो. मी बांधावर उभा. ती माझ्याकडे बघत नाही, पण दर बैठकीला एक वाफा जवळ येते. (मी मोजलंय. हसू नका.) नवव्या बैठकीला ती अगदी पायाशी होती. पदरानं तोंड पुसलं, मान वर केली, आता बोलणार, तेवढ्यात टिर्रर्र! अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून सांगू, पण पायात सुया, उठणार कसा? त्या दिवशी डोळे उघडे ठेवून झोपेतच स्टँडवर गेलो आणि पेणऐवजी कोलाडच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पेण तिकडं, तुमी चाललाव इकडं." मी म्हटलं, चालू द्या. कोलाडला उतरून वडा खाल्ला तेव्हा कुठे जागा झालो.

आणि मग घात झाला. गुडघा बरा झाला. काल अष्टमीला गेलो तर बाई एकदम खुशीत : "आता सुया बंद, आजोबा!" मी लगेच लंगडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दुखत होता तो उजवा." मी चपला घातल्या.

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार, तुमच्या नम्रताला आशीर्वाद.

तुमचा,
जनू

ता. क. वहिनींना मान दाखवायला अजून महिन्याला एकदा तिथे नेता ना? तेव्हा बाईंना सांगा, म्हाताऱ्याला अजून एक बैठक द्या. आणि घंटी तेवढी वीसऐवजी पंचवीस मिनिटांवर लावा. पाच मिनिटं पुरतील.

ता. क. २. कारण विचाराल म्हणून लिहितो. तुमच्यापासून लपवलं होतं. ठमा गेली तेव्हा आमचा तीन दिवस अबोला होता. कालवणात मीठ जास्त झालंय, असं मी म्हणालो होतो. (जन्मभर माझ्याबरोबर मीठ ओढलेल्या बाईला!) ती ताट उचलून आत गेली, आणि चौथ्या दिवशी सकाळी उठलीच नाही.

ता. क. ३. मीठ बरोबर होतं, दादा. मला ताप होता, माझ्याच तोंडाला चव नव्हती. तिला एवढंच सांगायचंय.