मधून लावलेलं चित्र

बाबा, हॉलमधली तुमची फ्रेम काल मी भिंतीवरून उतरवली. रविवारी आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळाचं छंदांचं प्रदर्शन आहे, क्लब हाऊसमध्ये. कुणाचं भरतकाम, कुणाची नाणी, माझे जिगसॉ. मंडळाच्या सेक्रेटरीबाई घरी येऊन सांगून गेल्या, "ती फुलवाली पाहिजेच हां. वडिलांनी आजारपणात एकट्यानं लावलेली, तुम्हीच सांगता ना नेहमी? खाली कार्ड लावा, दोनच ओळी. कोणी लावलं, कसं लावलं. लोक थांबून वाचतात." कोरं कार्डही देऊन गेल्या. ते तीन दिवस टेबलावर पडून आहे. दोन ओळी लिहायला मला जमत नाहीये, म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले.

तुर्भ्याच्या ज्या कारखान्यात तुम्ही खोकी छापायचात, तिथं एक वर्ष परदेशातल्या कुणासाठी जिगसॉची मोठी ऑर्डर आली होती. चित्र छापायचं, पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि पंचिंग मशीनखाली घालून त्याचे पाचशे तुकडे पाडायचे. कागद जरा सरकला की कडेचे तुकडे वाकडे पडायचे, काही अर्धेच यायचे, आणि सगळा संच नापास व्हायचा. तो रद्दीत जायच्या आधी तुम्ही साहेबांना विचारून पिशवीत भरून घरी आणायचात. झाकण नाही, त्यामुळे समोर ठेवायला चित्र नाही, आणि कडा धड नाहीत. वाशीच्या आपल्या दोन खोल्यांतल्या एकुलत्या एक टेबलावर तुम्ही ती पिशवी उपडी करायचात आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, आता जेवायचं कुठं?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "खाली बसून. पचतं चांगलं." आई म्हणायची, "यांचं पोट कागदानंच भरतं, आपण जेवून घेऊ." मग आम्ही दोघी जमिनीवर पानं मांडायचो आणि तुम्हाला हाका मारमारून आमटी गार व्हायची.

मी चौथीत असेन. कॉन्व्हेंटमध्ये पावसाळ्यात मैदान बंद असलं की सिस्टर आम्हाला लाकडी जिगसॉ द्यायच्या. आधी चार कोपरे शोधायचे, मग कडा, मग आतलं. अक्षर, वेणी, जिगसॉ, सगळं एकाच शिस्तीत. मी घरी येऊन तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाबा, तुम्ही चुकीचं करताय. आधी कोपरे लावायचे असतात. सिस्टर म्हणतात." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "तुझ्या सिस्टरकडे कोपरे असतील, बाय. आपल्याकडे नाहीत." आणि मग जरा थांबून, "आधी माणूस शोध. डोळा, हात, काहीतरी जितं. भिंती मागनं उभ्या राहतात." त्याच संध्याकाळी एक तुकडा बसेना म्हणून मी त्यावर मूठ आपटली. तुम्ही माझा हात धरलात. तेवढंच एकदा तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात. "ठोकू नकोस. त्याची जागा ती नाही आणि तुला ते कबूल करायचं नाही." मी रुसले. तुम्ही समजूत काढली नाहीत, फक्त एका बाईचा अर्धा चेहरा माझ्यापुढे सरकवून ठेवलात.

पुढे घरात पूर्ण कडांचे, झाकणावर चित्र असलेले जिगसॉ आले, तरी तुमची पद्धत बदलली नाही. झाकण कपाटात उलटं ठेवायचं आणि कडेचे तुकडे शेवटपर्यंत एका डब्यात बंद.

माझ्याकडे आता त्रेचाळीस खोकी आहेत, बाबा. दिवाणाखालचे दोन्ही खण भरलेत. काही विकत घेतलेली, काही घर बदलणाऱ्या लोकांनी टाकून द्यायला काढलेली. नवं खोकं आलं की आधी तुकडे मोजते, आणि एखादा हरवलेला असेल तर तो चित्रात कुठला ते पेन्सिलीनं खोक्यावर लिहून ठेवते. स्टीलच्या ताटांत रंगाप्रमाणे तुकडे लावले की दुपार कशी जाते कळत नाही. निळ्या ताटात हात घालून आकाश ढवळत बसायला मला फार आवडतं. सुरुवात मात्र मी कोपऱ्यांपासूनच करते. तो हात सिस्टरनी घडवलेला आहे, तो मोडत नाही.

याच हातानं ते केलं.

तुमची उजवी बाजू गेली त्या वर्षी मी फुलवालीचं खोकं आणलं होतं. हजार तुकडे. स्टेशनाबाहेरचं फुलांचं दुकान, आणि मधोमध कागदात फुलं गुंडाळणारी बाई. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या होत्या की बोटांना काम द्या. तुम्ही डाव्या हातानं सुरुवात केलीत, तिच्या मनगटापासून. एक तुकडा उचलताना दोन-तीनदा निसटायचा. उचलला की हवेत थरथरायचा, जागेवर यायचा, उलटा पडायचा, आणि तुम्ही पुन्हा बोटं पुढे न्यायचात. सकाळभरात चार तुकडे, फार तर पाच. मी भाजी निवडायच्या निमित्तानं समोर बसायचे आणि बघायचे नाही.

एका दुपारी जेवून तुम्ही पडला होतात. मी टेबलाशी उभी राहिले आणि कडेच्या तुकड्यांच्या त्या डब्याचं झाकण उघडलं. एक सरळ कडेचा तुकडा घेतला, मग दुसरा. अर्ध्या तासात खालची अख्खी कड लागली, फरसबंदीची, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. तुम्ही उठाल आणि चित्र पुढे सरकलेलं पाहून खूश व्हाल, एवढाच माझा हिशेब.

तुम्ही काठी टेकत येता. बसता. बराच वेळ बघता.

"इथं कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. तुम्हीच लावलंत की सकाळी."

"मी?"

डावं बोट तुम्ही त्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवता. मी चहाचं आधण ठेवायला वळते.

"मी कडेला जात नाही, बाय," तुम्ही म्हणता. आवाजात राग नाही. राग असता तर मी रडून मोकळी झाले असते.

चहा घेऊन आले तर तुम्ही खुर्ची खिडकीकडे वळवून बसला होतात. त्यानंतर तुम्ही टेबलाशी आला नाहीत. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात आईला म्हणालात ते मी पॅसेजमधून ऐकलं, "तिला सांग, मला वेळ लागतो. मी संपलो नाहीये अजून." आईनं मला ते कधीच सांगितलं नाही. मला ठाऊक होतं हे तिला ठाऊक नव्हतं. टेबलावर तिनं चादर घातली, आणि तुम्ही खुर्ची पुन्हा एकदाही टेबलाकडे वळवली नाहीत. सव्वा महिन्यानं तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर चादर काढली. मधे त्या बाईचे दोन हात, कागद, मूठभर पिवळी फुलं आणि हनुवटी होती. तेवढं तुमचं. बाकीचं मी चार दिवसांत लावून टाकलं आणि फ्रेम करून आणली. काका आले होते, म्हणाले, "दादानं लावलं हे सगळं? त्या हातानं?" मी हो म्हटलं. एकदा म्हटलं की पुढे ते म्हणतच जावं लागतं. बावीस वर्षं येणारा-जाणारा फ्रेमपुढे थांबतो, तुमच्या जिद्दीचं कौतुक करतो, आणि मी मान हलवते.

तुमच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तुकडा उचलताना तुमचं ते चाचपडणं मला बघवत नव्हतं. तुम्हाला वेळ लागत होता आणि तो वेळ मला सोसत नव्हता. तुम्हाला ते त्याच दुपारी कळलं होतं, मला ते शब्दांत मांडायला माझे स्वतःचे हात थरथरायला लागावे लागले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आईही आता नाही. कार्ड मात्र मघाशी लिहिलं. पहिल्या ओळीत, "मधला भाग: वडील." दुसऱ्या ओळीत, "कडा व उरलेलं: मुलगी." सेक्रेटरीबाई न्यायला आल्या आणि दारातच वाचून म्हणाल्या, "अय्या, म्हणजे बापलेकींनी शेजारी बसून लावलं का? किती गोड."

मी नाही म्हटलं नाही, बाबा. त्या कार्ड घेऊन गेल्या.