ह्यांची गाडी चालू झाली
सातारा, मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळ

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. मला गाडी चालवता येत नाही, पण रोज पूजा झाली की थोडा वेळ सुरू ठेवते. डिझेल जळतं, म्हणून दुपारचा चहा सोडलाय. अंगणात तो आवाज झाला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

थंडी पडली आणि गाडी चालूच होईना. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, चालतच नाही तर ठेवायची कशाला?" म्हणून आज घाईने मिस्त्री बोलावला. इंजिन आधी गरम करणारे हीटर प्लग चांगले निघाले, पण त्यांना करंट सोडणाऱ्या रिलेच्या पिना गंजून हिरव्या पडलेल्या.

"आवं काकू, हितं पाणी कुठनं आलं?"

काय सांगू? दर गुरुवारी बॉनेट उघडून मीच तीर्थ शिंपडते. शेवटी सांगून टाकलं.

"देवाला म्हणावं, भायरनंच आशीर्वाद दे!"

मीही हसले. किती दिवसांनी?

नवा रिले बसवला, पहिल्याच किल्लीला चालू झाली. लगेच मुलाला फोन केला. तोही खूष झाला. "बरं झालं आई, आता गिऱ्हाईक पटकन मिळेल."

मी बरं म्हणाले. का म्हणाले?