डब्यावरची चिठ्ठी

मंगळवार, दिवेलागण

आज लई आनंद झाला, म्हणून आधी लिहिते, भाकरी मागून टाकते. माझ्या नातीचं, पल्लवीचं काम मला आज पहिल्यांदा कळलं! वाळूजच्या कारखान्यात ती कॉम्प्युटरची राखण करते. कालपासून पोरीला घास जात नव्हता. सगळ्या कारखान्याचं इंटरनेट ज्या एका डब्यातून जातं, त्यातच खोट निघाली. डबा बंद केल्याबिगर दुरुस्ती नाय, अन् साहेब म्हणायचे, "काम थांबंल, रविवारी बघू."

आज हसत आली. मी विचारलं, "खोट तरी काय होती गं?"

"आज्जी, तू गिरणीत डब्यावर नावाची चिठ्ठी लावतेस ना? तिथं कुणी लिहिलं, 'शेजारचे गहू पण यात ओता', तर?"

"गिरणीवाला हसंल!"

"आमचा डबा हसत नाय. आत शिरताना आपलं नाव लिहायचं असतं, त्या जागी चोरानं हुकूम लिहिला तरी मुकाट पाळतो."

आज तिनं साहेबांसमोरच नावाच्या जागी लिहिलं, 'आतल्या फायली दाखव'. डब्यानं दाखवल्या! साहेबांनी घाम पुसला अन् लगेच डबा बंद करायला लावला. त्यांना तरी काय बोलावं, काम थांबलं की वरून बोलणी त्यांनाच.

दुरुस्ती झाली. पोरगी आता ताट घेऊन बसलीय, भाकरी मागतीय. उठते.

मला मात्र त्या डब्याचीच कीव येते. चिठ्ठीवर नुसतं नाव वाचायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.